आकडेशास्त्री आणि ताईचं नवं मशीन

कॉम्प्युटरच्या दुकानात त्याला सगळे आकडेशास्त्री म्हणत, आणि स्वारी त्यावर खूश असे. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत कुठला प्रोसेसर सेकंदाला किती अब्ज ठोके देतो, हे तो घडाघडा सांगे. मोठा आकडा म्हणजे चांगलं मशीन, असा साधा कारभार. भिंतीवरची पाटीही त्याच्याच हातची, वरपासून खालपर्यंत नुसते ठोके.

त्या दिवशी मात्र त्याचं कशात लक्ष लागेना. ताईनं, त्याच्या थोरल्या बहिणीनं, सकाळी फोनवर सहज सांगितलं होतं की ती काम सोडतेय. फाटके, डागाळलेले फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करायचं काम. भावजींच्या माघारी तिनं त्यावरच दोन मुली वाढवल्या. आता जमत नाही, एवढंच म्हणाली. वर्षापूर्वी नवं मशीन त्यानंच मोठ्या तोऱ्यात बसवून दिलं होतं. तो उठबस करत राहिला, एका गिऱ्हाइकाची बॅग दुसऱ्याला दिली, आणि दुपारी मालकाला सांगून सुटला.

ताईच्या खोलीत जुनं मशीन टेबलाखाली पाय टेकायला उरलं होतं. नव्यावर एक फोटो साफ व्हायला लावून ती खिडकीशी उभी होती. पडद्यावरची पट्टी काही पुढे सरकेना. त्यानं जुनं मशीन ओढून काढलं, धूळ फुंकली, तोच फोटो दोन्हींवर घेतला आणि घड्याळ लावलं.

नव्याला नऊ मिनिटं लागली. जुन्याला सहा.

त्यानं पुन्हा लावून पाहिलं. तेच. नव्याचे ठोके दुप्पट होते, पण एकेका ठोक्यात काम निम्म्याहून कमी. तुरुतुरु चालणारा माणूस लांब टांगा टाकणाऱ्याच्या मागे पडतो, तसं. हे त्यानं कधीतरी वाचलंही होतं. पण पाटीवर ठोके लिहिणं सोपं.

"अगं, मग वर्षभर बोलली का नाहीस?" त्याचा आवाज चढलाच.

"तूच म्हणालास ना, हे दुप्पट वेगाचं आहे," ताई म्हणाली. "मला वाटलं, मीच हळू झाले. तास-दीड तास लवकर उठायला लागले, तरी काम उरकेना. दोनदा डोळे तपासून आणले. मग म्हटलं, वय झालं."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफीचे शब्द जुळेपर्यंत ताई जुन्या मशीनसमोर बसली होती आणि पुढचा फोटो उघडत होती.

दुकानात येऊन त्यानं आधी पाटी पुसली. मग गिऱ्हाइकांची वही उघडली आणि तसलंच मशीन नेलेल्या पहिल्या बाईंना फोन लावला. त्या घरी बसून कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं जुळवून द्यायच्या. मशीन कसं चालतंय, त्यानं विचारलं.

"मशीन छान आहे हो," बाई म्हणाल्या. "माझाच हात आता चालत नाही."