शेवटपर्यंत वाचणारी बाई

सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनखाली मी पत्रकं वाटत होतो: ‘मोबाइल सोडा, पुस्तक धरा!’ लोक पत्रक खिशात कोंबून पुन्हा रील्समध्ये घुसत. माझं डोकं तापलं होतं. एक बाई मात्र ऑफिसची पर्स काखेत धरून, ओळीवर बोट ठेवून वाचत उभी राहिली. फोन वाजला की तिची ओळ हरवायची, मग ती पुन्हा वरून सुरू करायची. अखेर तिनं फोन पर्समध्ये टाकला, सगळं वाचलं आणि म्हणाली, “मोबाइलले शिव्या काहून देऊन राहिला गा? तो रातभर उघडा असते. वाचनालय सहाले बंद होते, अन् माही सुटी सातले!”

बरोबर बोलली. आता नवं पत्रक छापलंय: ‘वाचनालय नऊपर्यंत उघडं ठेवा!’ पहिली सही तिचीच हवी, म्हणून रोज सातनंतर तिथंच उभा असतो.