रणधवलांच्या छत्रीला ऑइलपेंट

आमच्या कारभाऱ्यांएवढं खुळं माणूस उभ्या भीमाकाठी घावायचं न्हाई. मी झुंबरबाई, त्यांची बायको, हे त्यांच्या तोंडावर सांगत आलेय. मेंढरं इकून शेती धरली, पण रणधवल सरदारांच्या छत्रीची राखण काय सुटली न्हाई. छत्री म्हंजी थोरल्या सरकारांच्या समाधीवरचं दगडी देऊळच. खाली घाट, शेजारी पायऱ्यांची बारव. सरदारांची माणसं कवाच पुण्याला गेली. पयलं दर दसऱ्याला ती येऊन राखणदाराला मानाचा फेटा बांधायची. माझ्या सासऱ्यांना, आबांना मिळाला. ह्यांना एकदाबी न्हाई.

"मागून घ्या की," मी म्हणायची.

"मान काय मागून घेत्यात व्हय?" म्हणून माझ्यावरच वसकन यायचे.

अठ्ठ्याण्णवच्या थंडीत निरोप आला. धाकटे सरकार विक्रमराजे पुण्याची माणसं घेऊन घराण्याची जुनी बांधकामं दाखवायला येणार. झालं! ह्यांच्या अंगातच आलं. यवतच्या बाजारात बोकड इकला आन् ऑइलपेंटचे डबे आणले. रिवाज ठरलेला. आधी तारेच्या ब्रशनं दगड घासायचा, मग रंग द्यायचा. सासरे चुना द्यायचे, ह्यांनी ऑइलपेंट धरला. खांब पिवळे, मोर निळे, हत्ती गुलाबी.

"आता आत नवरीच बसवा," म्या म्हटलं. लई दिसांनी हे हसले.

बस आली. राजांच्या माणसाच्या हातात ताट, ताटात केशरी फेटा. ह्यांनी हळूच माझ्याकडं बघितलं. बारव झाली, घाट झाला, आन् छत्रीपाशी आल्यावर सगळी वर बघत उभी राह्यली.

त्यांच्यात जुन्या दगडांच्या जाणकार एक बाई होत्या. त्यांनी इचारलं, "हे कुणी रंगवलं?"

"म्या!" म्हणत आमचं येडं पुढं झालं. टोपी काढली आन् मान वाकवून उभं राह्यलं. फेट्यासाठी, दुसरं काय!

बाईंनी पिशवीतनं गोऱ्या साहेबाच्या काळातला ह्याच छत्रीचा फोटो काढला. दाराच्या दगडी चौकटीवर दोन ओळी अक्षरं. फोटो धूसर, म्हणून प्रत्यक्ष बघून वाचायला आल्या होत्या. समाधी घराण्यातल्या नेमक्या कुणाची, ते तिथंच तेवढं लिव्हलेलं. आता तिथं नुसता सपाट पिवळा दगड.

"ब्रशनं घासत होतात?"

"व्हय, दर साली. बारीक नक्षी व्हती, चुना अडकायचा तिच्यात."

नक्षी! आम्हा दोघांत वाचता येतंय कुणाला?

राजे चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या मामा. तुम्हाला काय कळणार." ताट तसंच गाडीत गेलं. बस गेली तरी ह्यांची मान खालीच. मला असा संताप आला! एवढ्या वर्सांत तुमच्यातलं काळं कुत्रं तरी फिरकलं का हिकडं? पण मी बोलले न्हाई, आन् त्याचं अजून वाईट वाटतं.

दोन महिन्यांनी तिथं पाटी लागली. चौथीतल्या आमच्या लेकीला, सुषमाला घेऊन हे गेले, मीबी गेले. पोरीनं वाचलं, "येथे दगड घासण्यास व रंग लावण्यास मनाई आहे."

"बराबर हाय," हे म्हणाले. "आबा जित्ते व्हते तवाच लावायची व्हती पाटी." मग पोरीला इचारलं, "थोरल्या सरकारांचं नाव लिव्हलंय का गं?"

"न्हाई. कुणाला ठावंच न्हाई म्हणत्यात."

"मला ठावं हाय कुठं गेलं ते," हे म्हणाले. "म्याच पुसलं."