शेजारच्या सीटवर एकतीस वर्षं

मास्तरांनी गाडी घेतली तेव्हा त्यांना अठ्ठावन्न वर्षं पुरी झाली होती आणि ड्रायव्हिंगची शाळा काढून एकतीस. शाळा म्हणजे काय, तर राहत्या घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबल, दोन बाकं, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा रंग उडालेला तक्ता, आणि एका लाकडी फळीवर ठोकून बसवलेला जुना क्लच, आत काय असतं ते दाखवायला. दारात दोन लहान गाड्या. त्या दोन्ही गाड्यांना शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक होते, म्हणजे शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्याला गाडी थांबवता यावी.

एक गाडी मास्तर चालवायचे आणि दुसरी ताई. चालवायचे म्हणजे शेजारी बसायचे. ताई नऊ वर्षांपूर्वी इथेच शिकायला आल्या आणि मग इथेच शिकवायला राहिल्या. मास्तरांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. टेलिफोन, वेळा आणि लोकांच्या तक्रारी हे खातं वहिनींचं.

मास्तर पेट्रोल पंपावर कामाला होते तेव्हाची गोष्ट. वय एकोणीस. एक लांबलचक, बसकी, दोनच दारांची गाडी पेट्रोल भरायला आली. मसल कार म्हणतात तशी: पुढे भलंमोठं बॉनेट, आत आठ सिलिंडरचं इंजिन, आणि आवाज असा की ती निघाली तेव्हा पंपाच्या केबिनच्या काचा थरथरल्या. मास्तरांनी तिची काच पुसली होती. लग्नानंतर कधीतरी त्यांनी हे वहिनींना सांगितलं, आणि पुढची सगळी वर्षं वहिनी दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या गाड्यांचे सौदे बघत ते लक्षात ठेवून होत्या. मुलीचं शिक्षण झालं, ती नोकरीला लागली, एक विमा पिकला, तेव्हा वहिनीच म्हणाल्या, "आता घ्या ती तुमची. आणखी दोन वर्षांनी बसाल आत, पण उठायला माणूस बोलवावा लागेल."

गाडी चार महिन्यांनी आली. कोरी करकरीत, गडद निळी. ताबा घ्यायला मास्तर, वहिनी आणि मेहुणा असे तिघं गेले. मेहुण्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण वहिनींच्या या भावाला बोलावण्याची गरज कधीच पडत नसे.

शोरूममधला विक्रेता मास्तरांचाच विद्यार्थी निघाला. "बाकी गिऱ्हाइकांना मी पाऊण तास समजावून सांगतो," तो म्हणाला. "तुम्हाला काय सांगणार, मास्तर? क्लच सोडायला मला तुम्ही शिकवलंत."

"आणि तू तिसऱ्या परीक्षेला सोडलास," मास्तर म्हणाले.

"दुसऱ्या," विक्रेता म्हणाला, आणि त्याने किल्ली हातात ठेवली.

तिथेच खरी गफलत झाली. मास्तरांना विचारायचं होतं बरंच काही; पण त्यांचेच आणखी चार जुने विद्यार्थी काउंटरमागून कौतुकाने बघत असताना मास्तर विचारणार कसं? ते आत बसले. वहिनी शेजारी. मेहुणा मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून. इंजिन सुरू झालं तसे मास्तर एकोणीस वर्षांचे असल्यासारखे हसले. मग त्यांनी गिअर टाकला, पाय दाबला, आणि गाडी उडी मारून पुढे गेली. मास्तरांचे दोन्ही पाय आपोआप क्लच-ब्रेकवर पडले. गाडी आचका देऊन थांबली.

"दाजी," मागून मेहुणा म्हणाला, "बघताय ना, पट्टा लावलाय मी."

"नवी आहे. अंदाज घेतोय," मास्तर म्हणाले.

फाटकातून बाहेर वळताना पुढचं चाक फूटपाथच्या कडेला घासलं. तो आवाज काउंटरमागच्या चौघांनीही ऐकला. "कड फार उंच ठेवलीय इथली," मास्तर खिडकीतून म्हणाले. "हो, उंचच आहे," विक्रेता म्हणाला. त्याच्या बिचाऱ्याच्या मनात मास्तरांविषयी खरोखर आदर होता.

घर सहा किलोमीटरवर. मास्तर ते अंतर दुसऱ्या गिअरमध्ये चाळीस मिनिटांत आले. वाटेत एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं आणि वळून हातही केला.

पुढच्या आठवड्यात मास्तर तीनदा भल्या पहाटे गाडी घेऊन बाजारामागच्या मोकळ्या मैदानावर गेले. पहिल्या दिवशी इंजिन अकरा वेळा बंद पडलं. दुसऱ्या दिवशी एक कचऱ्याचा डबा आडवा झाला. तिसऱ्या दिवशी ते गाडी बंद करून नुसतेच बसून राहिले, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. एकतीस वर्षं ते शेजारच्या सीटवर बसले होते. फूटपाथ कायम त्यांच्या कोपराशी आणि गाडी सगळी पलीकडे. आता गाडी त्यांच्या आणि फूटपाथच्या मध्ये आली होती, पण शरीर अजून फूटपाथला चिकटून राहू बघत होतं. आणि पाय? शेजारच्या सीटला क्लच असतो, ब्रेक असतो, अॅक्सिलरेटर नसतो. एकतीस वर्षांत मास्तरांच्या पायाने गाडी फक्त थांबवली होती. पेट्रोल भरायला जायचं तरी विद्यार्थीच चालवायचा. पंपावर कसं उभं राहायचं हेही शिकलं पाहिजे, असं मास्तर म्हणत. गॅरेजला नेतानाही तेच. रविवारी नवरा-बायको पायी फिरायला जात, कारण आठवडाभर गाडीत बसून मास्तरांच्या कमरेत उसण भरलेली असे. एकेकाळी येत होतं ते सगळं कधी गळून गेलं, कळलंही नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी गाडीवर कापड घातलं.

साडेचार हजार माणसांना गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना गाडी येत नाही. हे बाहेर फुटलं तर शाळेचं काय, हा एक प्रश्न होता. पण शाळेपेक्षाही, न्हाव्यापासून न्यायाधीशापर्यंत जो दिसेल तो रस्त्यात "मास्तर" म्हणून थांबायचा, तो उद्या हसेल, ही कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती. लोकांनी विचारलं तर ते सांगत: नंबरप्लेट यायचीय. मग: धूळ फार आहे हल्ली. मग: इंजिनाला सुरुवातीला विश्रांती लागते. मेहुणा दर दोन दिवसांनी यायचा, कापडाचं टोक उचलून बघायचा. "दाजी, गाडी आहे की फ्रीज? नुसती झाकून ठेवलीय."

"तुला काय कामधंदा नाही का रे?" मास्तर म्हणत.

तिसऱ्या आठवड्यात विक्रेत्याचा फोन आला. एका दातांच्या डॉक्टरांना हीच गाडी, हाच रंग हवा होता, आणि थांबायची तयारी नव्हती. कुणी आठवडाभर चालवून विकणारा असला तर सांगा, असं ते म्हणत होते. मास्तर म्हणाले, "रविवारी पाठव त्यांना."

वहिनी आतल्या खोलीत वाळलेले कपडे घड्या करत होत्या. त्यांनी ऐकलं.

"रविवारी कोण येणार आहे?"

"दातांचे डॉक्टर."

"तुमच्या दाताला काय झालं?"

"गाडी बघायला येणार आहेत."

वहिनींनी हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली. "आवडली नाही का?"

"आवडली."

"मग?"

मास्तरांनी खिडकीचा गज धरला. "मला येत नाही गं चालवायला."

"ही?"

"कुठलीच."

वहिनी हसल्या. आवरायला गेल्या, पण आवरेना. शेवटी घडी घातलेल्या टॉवेलनेच डोळे पुसावे लागले. मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "झालं असेल तर सांग."

"झालं. पण मग शिका की. खाली शाळा आहे."

"माझ्याच शाळेत?"

"दुसऱ्याच्या शाळेत गेलात तर जास्त बोंब होईल."

"त्यापेक्षा विकून टाकतो. कुणाला कळायचंही नाही."

"मला कळलंय ना," वहिनी म्हणाल्या. "आता उरलेली सगळी वर्षं मी तुमच्याकडे बघणार आणि मला तेच दिसणार. तुम्हाला चालेल?"

हे मास्तरांना चालण्यासारखं नव्हतं.

ताईंना सांगायचं काम वहिनींनी केलं. ताई हसल्या नाहीत. कधीपासून, एवढंच त्यांनी विचारलं, जसं डॉक्टर तापाचं विचारतात. मंगळवारी दुपारी दोनला मास्तर आपल्याच शाळेच्या गाडीच्या स्टिअरिंगमागे बसले. टपावरची शिकाऊ गाडीची पाटी तेवढी काढून ठेवू या, असं त्यांनी सुचवून बघितलं.

"पाटी काढायची नाही," ताई म्हणाल्या. "शिकणारा आत असताना पाटी वर. नियम तुमचाच आहे."

ताई शिकवताना फार बोलत नसत. हातात पेन्सिल, चुकलं की ती डॅशबोर्डवर एकदा वाजवायची. पहिल्या अर्ध्या तासात त्या पेन्सिलीचं टोक मोडलं. मग त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली, खिशातून चिकटपट्टी काढली, तिचा नखाएवढा तुकडा काचेवर खालच्या अंगाला लावला आणि म्हणाल्या, "फूटपाथची कड या तुकड्यातून गेली पाहिजे. बाकी कुठे बघू नका."

मास्तरांचा चेहरा पडला. काचेवर चिकटपट्ट्या लावून शिकवण्यावरून त्यांनीच ताईंना एकदा सगळ्यांसमोर झापलं होतं. गाडी डोळ्यांनी शिकायची असते, चिकटपट्टीने नाही, असं काहीतरी ते तेव्हा म्हणाले होते.

"बोला," ताई म्हणाल्या.

"काही नाही. जरा आणखी खाली लाव."

"माझी उंची वेगळी, तुमची वेगळी. तुम्ही बसल्या जागेवरून बघा आणि सांगा कुठे ते."

गुरुवारी सिग्नलला गाडी उभी होती. शेजारी स्कूटरवर न्हावी येऊन थांबला. मास्तरांचा जुना विद्यार्थी. त्याने पाटीकडे बघितलं, मग ताईंकडे, मग मास्तरांकडे.

"मास्तर, आज त्या बाजूला?"

ताईंनी उत्तर तयार ठेवलं होतं. "नवा क्लच टाकलाय, मास्तर बघतायत कसा..."

"शिकतोय," मास्तर म्हणाले. "शेजारी बसून बसून विसरलो."

न्हाव्याने डोकं खाजवलं. "होतं असं. मी रोज वीस डोकी करतो, पण माझं करायला भावाकडे जावं लागतं." सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले. मास्तरांनी क्लच सोडला, गाडी बंद पडली, पुन्हा सुरू केली आणि निघाले. न्हावी तोवर पुढच्या चौकात पोचला होता, आणि संध्याकाळपर्यंत बातमीही सगळीकडे पोचली.

एका गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी येऊन शाळेतून मुलीचं नाव काढून घेतलं. मास्तरांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. गृहस्थांचं म्हणणं मास्तरांना पटण्यासारखं होतं. मेहुण्याने दोन तास मनसोक्त बोलून घेतलं. बाकीचे लोक एकदा हसले आणि आपापल्या कामाला लागले. मास्तरांना याचंच नवल वाटलं. त्यांनी मनात याला फार मोठं करून ठेवलं होतं.

शनिवारी पाचवा तास ताईंनी निळ्या गाडीत घेतला, तिच्या काचेवरही चिकटपट्टीचा तुकडा लावून. या गाडीला शेजारी ब्रेक नव्हता, म्हणून त्यांनी दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. पेन्सिल तीनदा वाजली. परत आल्यावर म्हणाल्या, "अजून कडेला फार जाता. पण जमेल तुम्हाला."

रविवारी दहाला डॉक्टर आले. उंच, घाईत असलेले. त्यांनी कापड काढायला लावलं, चाकाचा ओरखडा बघितला. "एक चक्कर मारू या," ते म्हणाले. "तुम्ही चालवा. मला शेजारी बसून आवाज ऐकायचाय."

मास्तरांनी सीट पुढे घेतली, आरसे बघितले, पट्टा ओढून बघितला. एकतीस वर्षं जे जे दुसऱ्यांकडून करून घेतलं होतं ते सगळं, क्रमाने. डॉक्टर घड्याळ बघत होते. गाडी फाटकातून निघाली आणि कशालाही न लागता रस्त्याला लागली. बाजार, शाळा, पूल. पुलापलीकडे बाह्यवळणाचा सरळ रस्ता, रविवारचा, रिकामा. चिकटपट्टीच्या तुकड्यातून रस्त्याची पांढरी रेघ पळत होती.

"दाबा की जरा," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी दाबलं. तिसरा गिअर, मग चौथा. आधी आवाज बदलला, मग पाठ सीटला चिकटली, मग झाडं एकमेकांत मिसळायला लागली. शेजारी डॉक्टरांचा पाय कधीच पुढे जाऊन जमिनीवर ब्रेक शोधत होता. मास्तरांना ते दिसलं. अशा पायाकडे लक्ष जाणं त्यांच्या हाडात होतं. त्यांचा स्वतःचा पाय मात्र जिथे होता तिथेच राहिला. वळण आलं तसं त्यांनी सावकाश वेग कमी केला, गाडी वळवली आणि परत आणली.

घरासमोर उतरून डॉक्टरांनी केस नीट केले. "घेतली," ते म्हणाले. "कागद कधी करायचे?"

"नाही," मास्तर म्हणाले. "द्यायची नाही."

"मग मला बोलावलं कशाला?"

"तेव्हा द्यायची होती."

डॉक्टर चिडले. रविवारची सकाळ फुकट गेली, असं म्हणाले, आणि ते खरंच होतं. मास्तरांनी दोनदा माफी मागितली. वहिनींनी चहा विचारला. डॉक्टर नको म्हणून आपल्या गाडीत बसून निघून गेले.

वहिनी फाटकाशी उभ्या होत्या. "काय झालं?"

"चिडले."

"चिडणारच. तुमचं काय झालं ते विचारते मी."

मास्तर पुन्हा गाडीत बसले आणि त्यांनी शेजारचं दार आतून उघडलं. वहिनींनी पायातल्या घरातल्या चपलांकडे बघितलं, घराच्या उघड्या दाराकडे बघितलं, आणि वाकून आत बसल्या.

"फार लांब नको," त्या म्हणाल्या. "दूध गॅसवर आहे."

"मग आधी ते बंद करून ये."

"बारीक आहे गॅस," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पट्टा लावला.