देवाजीच्या नावावरची मशाल

पोलादाचा कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत जानराव भंडाऱ्याहून भिलाईला आला आणि ओतकामात साचे भरू लागला. १९६६ साली त्याच्या हाती वेगळेच काम आले. आदल्या वर्षीच्या युद्धात पडलेल्या इथल्या पोरांचे स्मारक सेक्टर १० मध्ये व्हायचे होते. त्याचा लोखंडी फलक जवळच्या सुपेल्यातल्या एका छोट्या भट्टीवर ओतायचा होता. त्या पोरांत जानरावाचा धाकटा भाऊ देवाजी होता.

फलकाचे चित्र नकाशे काढणाऱ्या उमाकांतरावांचे: पानांचे कडे आणि मधोमध खाली तोंड केलेली मशाल. ‘‘रोमन थडग्यांवर अशीच असते,’’ त्यांनी समजावले, ‘‘आयुष्य संपलं, एवढाच अर्थ.’’ जानरावाने मान डोलावली आणि फलक ओतला. नावांची पट्टी तेवढी उरली.

दुपारी डबा घेऊन आलेली त्याची आई चंपाबाई फलकापुढे थबकली.

‘‘हे उलटी कावून केली रे?’’

‘‘साहेबाचं चित्र हाय, माय. रोमन लोकायची रीत.’’

‘‘आग लागो त्या रोमनाले! जयंतीच्या मिरवणुकीत देवाजी मशाल धरे. दंड भरून येत, पन त्यानं कधी कलू नाही देली. मशाल खाली कोन टाकते? पळते तो! माह्या पोराचं नाव इच्याखाली नको.’’

जानरावाने डबा बाजूला सारला. नाव गाळावे, तर भाऊ दुसऱ्यांदा हरवणार. ठेवावे, तर आईला तो पळपुटा दिसणार. तो उठून कामालाच लागला. पट्टीच्या साच्यातली वाळू अक्षरे दाबायला फारच ओली होती. सळईला गुंडाळलेल्या चिंध्या तेलात भिजवून त्याने पेटवल्या आणि जादा ओल उडवायला तो पलिता वाळूवर उलटा धरला.

ज्योत क्षणभर दबली. मग पलित्याला वळसा घालून वर निघाली.

‘‘थांब. तसाच धर.’’ चंपाबाई जवळ सरकली. तिने पलिता पाहिला, मग फलक. तिथेही ज्वाला दांड्याला बिलगून वरच चढत होत्या. रागाच्या भरात तिने फक्त दांडा पाहिला होता.

‘‘विझली नाही हे तर.’’

‘‘नाही ना वं, माय.’’

‘‘मंग पह्यले कावून नाही सांगतलं? रोमनाले घेऊन बसला!’’

भाऊ गेल्यापासून जानराव असा मोकळा हसला नव्हता. पलिता विझवून त्याने देवाजीच्या नावाची लाकडी अक्षरे वाळूत दाबायला घेतली.

‘‘नीट दाब,’’ शेजारी उकिडवी बसत चंपाबाई म्हणाली. ‘‘रस्त्यानं जानाऱ्याले दुरून वाचता आलं पायजे.’’