तळमजल्याचा ड्रॉ

रेवतीला कुणी ‘जमेल का?’ असं विचारलं की तिचं डोकंच फिरतं. न जमायला काय झालंय? लग्न होऊन मयूर विहारच्या सोसायटीत आली, त्याच महिन्यात तिने सासऱ्यांचा वर्षभर बंद पडलेला प्रिंटर खोलून चालू केला होता. नोएडाच्या ऑफिसातही इतरांनी हात टेकलेलं काम शेवटी हिच्याच टेबलावर येतं. जन्म दिल्लीचा, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच ‘अरे यार’ येणार आणि कुलपाची किल्ली खुशाल ‘चाबी’ होणार. सासूबाई अलकाताई आधी दुरुस्त करायच्या, आता त्याही चाबीच म्हणतात.

तर सोसायटीत पार्किंगचा ड्रॉ काढायचं ठरलं तेव्हा रेवती सासऱ्यांना म्हणाली, “बाबा, चिठ्ठ्या-बिठ्ठ्या सोडा. मी कॉम्प्युटरवर करून देते. एक बटण, बस्.”

उल्हासराव म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून सोसायटीचे सेक्रेटरी. दिवाळीला ठेकेदाराने मिठाईचा डबा आणला तर गेटवरूनच परत पाठवणारा माणूस. स्वतःचं नाव स्वच्छ आहे, एवढाच काय तो त्यांचा तोरा. आणि पार्किंग ही तर भांडणाचीच गोष्ट! छताखाली जागा मोजक्या, गाड्या ढीगभर. ड्रॉमध्ये ज्याचं घर आधी, त्याने जागा आधी निवडायची. मागे राहिला त्याने झाडाखाली उभं राहायचं.

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे जमले. भिंतीवर मोठा पडदा लावला. पुढे शंका नको म्हणून रेवतीने तिसऱ्या मजल्यावरच्या सचदेवाजींनाच बटण दाबायला सांगितलं, कारण शंका काढायचा मक्ता त्यांच्याकडेच होता. त्यांनी दाबलं आणि पडद्यावर क्रम उमटला. या सोसायटीत तळमजल्याच्या घरांना नुसते आकडे आहेत, एक ते आठ. वरच्या मजल्यांना A, B, C अशी अक्षरं. पडद्यावर सगळ्यात वर एक, दोन, तीन, चार असं करत तळमजल्याची आठही घरं ओळीने आली होती. वरच्या मजल्यांची सगळी घरं त्यांच्यामागे. उल्हासरावांचं घर चार नंबरचं.

“वाह उल्हासजी!” सचदेवांनी टाळी वाजवली. “बहू ने मशीन बनाई और ससुरजी का नंबर लग गया!”

हॉल हसला. उल्हासराव हसले नाहीत. ते खुर्चीवरून उठले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि हळूच म्हणाले, “रेवती, मी आजच राजीनामा देतो.”

रेवतीच्या एका बटणापायी या माणसाचं नाव चव्हाट्यावर आलं होतं. पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हेच.

“बाबा, बसा. चहा येतोय. चहा संपेपर्यंत कुणीही कुठे जायचं नाही.”

ती पडद्याकडे टक लावून बघत राहिली. लबाडीच करायची तर कुणी एका घरासाठी करेल, आठ घरांना का पुढे काढेल? आणि वरच्या मजल्यांची घरं तर छान मिसळलेली होती, C-4, मग A-2, मग B-7. बिघडले होते फक्त नुसते आकडे. अरेच्चा! तिने कपाळावर हात मारला.

“चूक माझी आहे,” ती उभी राहून म्हणाली, “पण लबाडी नाही. सचदेवाजी, तीन घर बोलिए, जैसे मन करे. सबसे पहले अपना.”

“C-5,” सचदेवा म्हणाले. “फिर आठ. फिर दो.”

तिने त्याच क्रमाने टाइप केलं. पडद्यावर आलं: दोन, आठ, C-5.

“अरे! मुझे पीछे कर दिया!”

मग तिने समजावलं. ड्रॉचा निकाल जेसन नावाच्या पद्धतीने लिहिला जातो, घराचा नंबर आणि त्यापुढे मालकाचं नाव, अशा जोड्यांनी. लिहिताना क्रम बरोबर असतो. पण पडद्यावर दाखवण्यासाठी ब्राउझर तो मजकूर वाचतो, तेव्हा नुसत्या आकड्यांच्या जोड्या वेचून, चढत्या क्रमाने लावून, सगळ्यांच्या पुढे बसवतो. अक्षर असलेल्यांचा क्रम तो बदलत नाही. “मी जोड्यांवर भरवसा ठेवला. क्रम महत्त्वाचा होता, तर सरळ रांगच करायला हवी होती.”

“मग खरा क्रम गेला कुठे?” अलकाताईंनी विचारलं.

“कुठेही गेला नाही, आई. लिहिलाय तसाच दाखवते.”

तिने मूळ मजकूर जसाच्या तसा पडद्यावर टाकला. पहिलं C-4. मग सहा नंबर. मग A-2. तळमजला आता सगळीकडे विखुरला होता. सगळे माना ताणून वाचत खाली खाली आले. शेवटून दुसरे सचदेवा. आणि सगळ्यात शेवटी चार नंबर.

सचदेवांनी घसा साफ केला. “मशीन में गड़बड़ तो थी ही। ऐसा करते हैं, ड्रॉ दोबारा कर लेते हैं।”

“हां हां, बिल्कुल!” चार-पाचजण म्हणाले. रेवतीने सासऱ्यांकडे पाहिलं. पुन्हा ड्रॉ झाला तर बाबांना छत मिळूही शकतं, मागणी तर सचदेवांचीच आहे, मग कोण नावं ठेवणार? क्षणभर, खरंच क्षणभर, तिला मोह झाला.

“नाही,” ती म्हणाली. “ड्रॉ में गड़बड़ नहीं थी, दिखाने में थी। और बटन आपने दबाया था।”

उल्हासरावांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि ते खुर्चीत ऐसपैस बसले. कुणीतरी राजीनाम्याचं विचारलं. “कैसा इस्तीफ़ा?” ते म्हणाले. “लिखो, चार नंबर, आख़िरी.”

त्यांची पांढरी गाडी आता जांभळाच्या झाडाखाली असते. मोसमात तिच्यावर जांभळे डाग पडतात, पाखरंही आपला वाटा टाकून जातात. उल्हासराव रोज सकाळी ओलं फडकं घेऊन ती पुसतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात, “लास्ट नंबर है हमारा!” अलकाताई वैतागल्या. एकदा त्यांनी बाजारातून गाडीचं कव्हर आणलं.

उल्हासरावांनी ते घडी न मोडता सचदेवांकडे पाठवून दिलं. “झाकून ठेवली,” ते रेवतीला म्हणाले, “तर लोकांना दिसणार कशी?”