आरपार भोक

काल मिस्त्रींनी स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटला नळासाठी भोक पाडलं. ओल्या दगडाच्या भुकटीचा वास आला आणि मला कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजचं मागचं अंगण आठवलं.

इतिहासाच्या बाईंनी आम्हा मुलींना प्राचीन माणसांसारखं काळ्या दगडाला भोक पाडायला बसवलं होतं. बांबूची पोकळ कांडी, ती फिरवायला दोरीची कमान आणि ओली वाळू. महिनाभर घासून भोक होत आलं होतं. अशात एके दिवशी माझे वडील, अण्णा, राधानगरीहून आले. माझं शिक्षण थांबवून मला घरी न्यायला.

“दगडं फोडायला धाडलं व्हय तुला?”

“फोडत न्हाय अण्णा. बांबू नुसता फिरतो, दगड वाळूच कापते.”

“बांबूनं दगूड? दाव की!”

ते शेजारी मांडी घालून बसले. पाणी घालता घालता कमान त्यांच्याच हातात गेली. एसटी चुकली. उन्हं कलताना कांडी खाली टेकली.

“आरपार दिसतंय की गं!”

तेव्हा वाटलं, अण्णा खेळात रमले. आज वाटतं, लेकीचं शिक्षण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या हाताला लागलं.

चिखलाचे हात धोतराला पुसत त्यांनी विचारलं, “म्होरच्या वर्षाला काय शिकवत्यात?”