बर्फाशिवाय स्की: रास अल खैमाच्या घळीत डेन्झिलबरोबर

"इम्तियाज, घळ सापडली!"

डेन्झिलचा फोन आला तेव्हा मी दुबईत करामातल्या घरी सुरमई साफ करत होतो. डेन्झिल मूळचा वसईचा, नोकरी अबुधाबीच्या बँकेत, घर अल रीम आयलंडवर तेविसाव्या मजल्यावर. मॉलमधल्या कृत्रिम बर्फावर चार वर्षं घसरून त्याची खात्री झालीय की आपला जन्म आल्प्समध्ये व्हायचा होता, चुकून वसईत झाला. आता त्याला दोन कड्यांमधली उभी, अरुंद घळ चढायची होती आणि स्कीवरून उतरायची होती.

"बर्फ कुठाय पण?"

"बर्फ नाही रे. बारीक दगडांचा चुरा. जुन्या स्कीवर जमतं, मी व्हिडिओ बघितलाय."

व्हिडिओ बघून लोक हल्ली शस्त्रक्रियासुद्धा करतील. तरी मी हो म्हटलं, कारण त्याची फजिती मला प्रत्यक्ष बघायची होती. शिवाय मी रत्नागिरीचा, लहानपणापासून कडे चढलेला. मला घळीचं काय कौतुक?

जानेवारीतल्या शनिवारी पहाटे पाचला निघालो. तुम्हीही याच सुमारास निघा, कारण नऊनंतर दगड तापतात. रास अल खैमाच्या अलीकडे एका केरळी कॅफेटेरियात अंडा-पराठा आणि करक चहा घेतला. दोघांचे अठरा दिरहम, म्हणजे साधारण चारशे रुपये. पोटभर खा, पुढे काही मिळत नाही. वादीतला, म्हणजे कोरड्या नदीपात्रातला, शेवटचा रस्ता कच्चा आहे, साधी गाडी जाते, मात्र पावसाचा अंदाज असेल तर फिरकू नका. माणशी चार लिटर पाणी घ्या. डेन्झिलने दोन लिटर पाणी आणि तीन प्रकारचे प्रोटीन बार आणले होते.

गाडी लावली तिथे एक पठाण चाचा शेळ्या राखत बसले होते. त्यांनी स्कीकडे बोट दाखवलं.

"ये क्या है?"

"स्की, चाचा. इससे नीचे आएँगे," डेन्झिल म्हणाला.

"बर्फ किधर है?"

"बर्फ नहीं है।"

चाचांनी आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "इन्शाल्ला," म्हणाले आणि शेळ्या घेऊन लांब गेले. त्या दिवशी भेटलेला एकमेव शहाणा माणूस.

चढायला तीन तास लागले. दोन पावलं वर जावं, तर एक पाऊल चुऱ्याबरोबर खाली येतं. पाठीवरच्या स्की कड्याला आपटत होत्या, भांड्यांच्या दुकानात बैल शिरावा तशा. तरी दर शंभर पावलांवर डेन्झिलला सेल्फी हवा होता. वरच्या खिंडीत पोचल्यावर त्याने बूट आवळले, हेल्मेट चढवलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि सुटला.

खरं सांगायला जिवावर येतं, पण पहिली सहा-सात वळणं सुरेख होती. पत्रा फरफटल्यासारखा आवाज, मागे धुळीचा पडदा, आणि मधे हा जाडा बँकवाला मजेत झुलतोय. मग एक स्की अडकली. तो दहा मीटर पोटावर घसरला, पँट मांडीपासून घोट्यापर्यंत फाटली. मी पोटभर हसलो.

"व्हिडिओ आला का?" खालून त्याची आरोळी. "यल्ला, ये आता!"

मला तर पायीच उतरायचं होतं, तरी खाली पाहिलं आणि माझे पाय हलेचनात.

चढताना कड्याकडे तोंड होतं. आता समोर फक्त पोकळी होती. पंधरा मिनिटं मी "येतो, येतो" म्हणत तिथेच चिकटून राहिलो. शेवटी त्याने स्की काढल्या आणि काठ्या टेकत मला न्यायला परत वर येऊ लागला. तो जरासा खाली असताना मी पाय सरकवला आणि कुकरएवढा एक दगड सुटला.

मला फक्त 'दगड' म्हणून ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

खडखडाट ऐकून तो स्वतःच बाजूच्या कपारीत दबला. दगड त्याच्या हातातली काठी मोडून गेला. मग त्याने वर येऊन माझा दंड धरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"टाचा रोव. माझ्याकडे बघ, खाली नको," एवढंच म्हणाला. आम्हाला उतरायला दीड तास लागला.

परतताना गाडीत त्याने विचारलं, "आवाज का नाही दिलास?"

"दिला होता की. तुझ्या हेल्मेटमुळे ऐकू आलं नसेल."

"असेल," तो म्हणाला.

घरी बायकोने, शबानाने, विचारलं, "तुम्ही घाबरला होता का?" मी म्हटलं, "मी? छे!" ऑफिसात फाटक्या पँटचा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला, सगळे खलास झाले हसून. डेन्झिललाही फोनवर ऐकवला, तोही हसला. दगडाबद्दल तो कुणाकडेच काही बोललेला नाही.

गुरुवारी त्याचा मेसेज आला: जुनं हेल्मेट टाकलं, कान मोकळे राहतात असं नवं घेतलं. मी उत्तरात नुसता अंगठा पाठवला.

माझे ब्लॉग तो नेमाने वाचतो, म्हणून इथेच लिहितो. डेन्झिल, हेल्मेट चांगलं होतं. मी आवाज दिलाच नव्हता.